चकचकीत बाजूला कुंकू

माझ्या कंपनीच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं होतं : 'आपला डेटाबेस सदैव तीन ठिकाणी सुरक्षित.' वाक्य माझंच होतं. कंपनीही मीच होतो. मालक मी, इंजिनिअर मी, आणि फोन उचलून 'एक मिनिट हं, टेक्निकल विभागाला देतो' असं म्हणत रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावणाराही मीच. ही तीन ठिकाणं नेमकी कोणती, असं दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. शेवटी एका विजयादशमीच्या सकाळी विचारलं ते मी, आणि ते स्वतःला.

ते दिवसच तसे होते. तंजावुरात गल्लोगल्ली ब्राउझिंग सेंटरं उघडली होती. कालपर्यंत जिथे झेरॉक्स निघायची तिथे आज प्लायवुडच्या खोपट्यांत बसून पोरं अमेरिकेला अर्ज करत होती. मी चेन्नईत सहा महिन्यांचा एक कोर्स केला, घरी आलो आणि पुढच्या खोलीवर 'वेब होस्टिंग' अशी पाटी लावली, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. मराठीत लावली असती तर आमच्या गल्लीतल्या मराठी माणसांनाही वाचता आली नसती. आम्ही घरात मराठी बोलतो, वाचतो मात्र तमिळ. तीनशे वर्षं इकडे राहिल्यावर एवढं होणारच. मी काय धंदा करतो हे आई शेजारणींना एका वाक्यात समजावून सांगायची : "तो लोकांचं सामान अमेरिकेत ठेवतो."

खरं म्हणजे यापेक्षा अचूक मलाही सांगता आलं नसतं. अमेरिकेतल्या एका कंपनीकडून मी एक सर्व्हर भाड्याने घेतला होता आणि त्यातल्या खोल्या पाडून इथे देत होतो. एक साडीवाला, एक लॉजवाला, एक वीणा करणारा आणि अक्का.

अक्का नात्याने कोणाचीच अक्का नव्हती, त्यामुळे सगळ्यांची होती. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तिरुवैयारुला एकटी राहणारी, हातात कायम काळी छत्री. बारा वर्षं ती एकच काम करत होती. मराठी राज्याबरोबर इकडे येऊन राहिलेल्या आमच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून काढायच्या. बसने गावोगाव जायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसायची आणि विचारायची. तिची पद्धत ठरलेली होती. "पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही रे," ती सांगायची, "त्यांना आजोबांच्या पलीकडे कोणी आठवत नाही. बायकांना सासरच्या सात पिढ्यांची भांडणं पाठ असतात. भांडणं विचार, नावं आपोआप येतात." अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या. घराणं लिहून झालं की ती त्या घराला त्यांची वंशावळ एका मोठ्या कागदावर काढून द्यायची, तमिळ अक्षरांत, म्हणजे सगळ्यांना वाचता यावी. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून तिची ही भेट.

ती सवय मी मोडली. त्या काळात मी बऱ्याच लोकांच्या चांगल्या सवयी मोडत होतो.

"अक्का, आता कागद कशाला? तुमची वेबसाइट करू. बेंगळुरूचा नातू बघेल, न्यू जर्सीची सून बघेल."

तिने दोन दिवस विचार केला आणि आली. प्रश्न एकच होता : "ते यंत्र बिघडलं तर?"

मला याच प्रश्नाची हौस होती. मी तिला खुर्ची दिली, माहितीपत्रक दिलं आणि होस्टिंगवाले गिऱ्हाइकांच्या डेटाबेसची काळजी कशी घेतात यावर व्याख्यान दिलं. डेटाबेस म्हणजे तुमच्या सगळ्या वह्या एका जागी. त्याची रोज एक प्रत घ्यायची. आठवड्याची प्रत वेगळी ठेवायची. आणि एक प्रत अशा जागी ठेवायची की इथे आग लागली तरी तिथे झळ पोचू नये. आईने मधेच कॉफी आणली म्हणून मला उदाहरणही घरगुती सुचलं. "विरजणासारखं आहे अक्का. दही कितीही संपलं तरी चमचाभर बाजूला ठेवतोच ना आपण? तेवढ्यावर पुन्हा सगळं उभं राहतं. आणि आपलं नासलं तर शेजारणीकडे असतंच."

"होय की," अक्का म्हणाली. "पण सकाळी बोट घालून बघतोस ना, लागलंय की नाही ते?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

मी काय म्हणालो ते मला आजही स्पष्ट आठवतं, कारण त्यात होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. होस्टिंगच्या धंद्यातलं ते माझं सगळ्यात मोठं कौशल्य होतं.

पुढची दोन वर्षं अक्का रोज दुपारी तिरुवैयारुच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून दोन बोटांनी वह्या टाइप करत होती. स्क्रीनवर तेव्हा मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी नावं. गणिताची टीचर ती. एक घराणं टाइप झालं की पुन्हा पहिल्यापासून ताडून बघायची. एकोणीसच्या एकोणीस वह्या झाल्या. मधल्या काळात ती सहा नव्या घरी जाऊन आली, त्यांची चिठ्ठ्यांवरची टिपणंही टाइप झाली आणि चिठ्ठ्या वह्यांतच खोचल्या गेल्या. मग त्या वर्षीच्या आडी या तमिळ महिन्यात, अठराव्या दिवशी, जेव्हा कावेरीला नवं पाणी येतं आणि अख्खा त्रिभुज प्रदेश नदीवर जाऊन चित्रान्न खातो, तेव्हा अक्काने मला घाटावर बोलावलं. तिच्याजवळ दोन कापडी पिशव्या होत्या.

"यात गेलेल्या माणसांची नावं आहेत. रद्दीत घालवत नाही. घरी वाळवी लागतेय. तुझ्याकडे तीन ठिकाणी आहे ना रे?"

"तीन ठिकाणी," मी म्हणालो, आणि वर हसून एक पिशवी स्वतः पाण्यात रिकामी केली. हो, मी स्वतः. वह्या काही वेळ तरंगल्या. शेजारी एका बाईने सोडलेल्या फुलांच्या परडीला एक वही लागली आणि दोघी बरोबरच पुढे गेल्या. मला ते फार सुंदर वाटलं. अशा प्रसंगी माझ्यासारख्या माणसाला सुंदर वाटायला लागलं की आसपासच्यांनी सावध व्हावं.

आता ती तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं अमेरिकेत. तिथली कंपनी रोज प्रत घेते असं त्यांच्या करारात लिहिलेलं होतं. कुठे घेते, हे पुढच्या पानावर लिहिलेलं असावं. मी पुढच्या पानावर गेलो नव्हतो.

दुसरं ठिकाण माझ्या खोलीत. दर शनिवारी सकाळी मी सर्व्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'एक्सपोर्ट' नावाचं बटण दाबायचो. फोनच्या लाइनवरून फाइल ठिबकत ठिबकत यायची. तोवर घरात कोणी फोनला हात लावायचा नाही, आईच्या बहिणीने तिकडे कितीही वेळा फिरवला तरी. फाइल आली की ती सीडीवर लिहायची, वर मार्करने तारीख घालायची, चळतीत ठेवायची. आणि मी एका गोष्टीवर मनापासून खूश होतो. पहिले काही महिने सोडले तर फाइलचा आकार दर शनिवारी अगदी सारखा असायचा. एका अक्षराचाही फरक नाही. मी आईला मुद्दाम दाखवायचो, "बघ, शिस्त बघ!" आई म्हणायची, "तुझ्या कुठल्या तरी गोष्टीला आहे, हे बरं झालं."

अक्का रोज नवी नावं घालत होती आणि फाइल वाढत नव्हती. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगवेगळ्या कप्प्यांत सुखाने नांदत होत्या.

तिसरं ठिकाण माहितीपत्रकात होतं. तिथेच होतं फक्त.

मग आली आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, पुस्तकं सगळ्यांना सुट्टी. ऑटोरिक्षांना केळीचे खुंट, दुकानांच्या दारात कुंकू भरून फोडलेले कोहळे. घरात वह्या-पुस्तकं देवासमोर रेशमी कापडावर रचायची, गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना शिवायचं नाही. त्या सकाळी मात्र त्यातलंच काहीतरी काढून चार ओळी वाचायच्याच, म्हणजे वर्षभर विद्या टिकते. मी कंप्यूटर बंद केला, त्याला फुलं वाहिली आणि सीडींची चळत आईच्या हाती दिली, कारण माझी पुस्तकं तीच.

आईने गंधाची वाटी घेतली. "यांचं तोंड कुठलं रे?"

मी कोर्स केलेला माणूस. "चकचकीत बाजू," मी अधिकाराने सांगितलं.

आईने एकेक सीडी उलटी करून चकचकीत बाजूला चंदनाचं बोट ओढलं आणि त्यावर कुंकवाचा टिळा लावला. मी प्रसादाचे चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल खात ते कौतुकाने बघत होतो. ज्या बाजूवर सगळं लिहिलेलं असतं ती ही बाजू, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं या दोन गोष्टी आमच्या घराण्यात क्वचितच एकत्र येतात.

विजयादशमीला सकाळी कंप्यूटर लावला. शुभ म्हणून अक्काची साइट आधी उघडली. उघडेना. साडीवाल्याची उघडेना. लॉजवाल्याची उघडेना. ईमेल बघितली तर अमेरिकेचं पत्र आलेलं : काल आपला सर्व्हर बंद पडला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे. तेही आयुधच ना? त्याने काल पूजा घेतली असेल."

मला हसू आलं, आणि हसतच मी पत्र पुढे वाचलं. डिस्क चालवणारा भाग जळाला होता. त्याने मुख्य डिस्क खराब केली, आणि रोजची प्रत ज्या डिस्कवर घेतली जात होती तीही. कारण ती दुसरी डिस्कही त्याच यंत्रात, त्याच भागाला जोडलेली होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की, आपण आपल्या स्वतःच्या प्रती ठेवल्या असतीलच.

ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. विरजणाची वाटी दह्याच्याच भांड्यात ठेवली होती, भांडं फुटलं.

तरीही मी पूर्ण घाबरलो नव्हतो, हे कबूल करतो. सीडी होत्या ना! आईची पूजा उरकेपर्यंत मी देवघराच्या उंबऱ्यात बसून पाय हलवत होतो. ती मुद्दाम सावकाश करते आहे असं वाटत होतं. शेवटी तिने कापड ओढलं आणि म्हणाली, "घे. वाच चार ओळी."

सगळ्यात नवी सीडी हातात घेतली. चंदन वाळून तडकलं होतं, मधोमध कुंकू. ड्राइव्हने तिला आत घेतलं, घरघर केली आणि बाहेर काढून दिली, जसं लहान मूल औषध बाहेर काढतं. मी सीडी नळाखाली धुतली, शर्टाने गोल गोल पुसली. वाळलेल्या चंदनाने त्यावर वीणेच्या तारांसारखे ओरखडे उठले. दुसरी धुतली. मग बादलीत पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन सगळ्याच धुवायला बसलो. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांना लटकलेल्या सीडी उन्हात चमकत होत्या आणि मी त्यांच्याकडे हात जोडल्यासारखा बघत उभा होतो. शेजारच्या मामींनी कुंपणावरून विचारलं, "कावळे येतात का फार?"

चौथी सीडी वाचली गेली. मी जवळजवळ ओरडलोच. फाइल उघडली, नावं सरसर वर गेली, घराणी, पिढ्या, गावं. सगळं होतं! मी शेवटाला जाऊन बघितलं. का बघितलं कोण जाणे. दोन वर्षांत कधीच बघितलं नव्हतं.

शेवटची ओळ वाक्याच्या मध्येच तुटली होती. 'धाकटा मुलगा, राहणार तंजावूर, व्यवसाय कंप्यू'

त्यापुढे काही नाही. पूर्णविराम नाही, कंस बंद नाही, काही नाही.

मला वाटलं ओरखड्यामुळे असेल. मी आधीच्या आठवड्याची सीडी घातली. 'व्यवसाय कंप्यू'. त्याच्या आधीची. 'व्यवसाय कंप्यू'. जानेवारीपर्यंत मागे गेलो. दर शनिवारी, न चुकता, त्याच अक्षरावर. ते एक्सपोर्टचं बटण ठरावीक आकाराच्या पुढे फाइल तोडून टाकत होतं, आणि मी त्या तुटण्याला शिस्त म्हणत होतो. एकोणीसपैकी आठव्या वहीच्या मध्यावर सगळं संपलं होतं. पुढच्या अकरा वह्या कावेरीतून समुद्राला मिळाल्या होत्या, आणि त्यातली एक पिशवी मी सोडली होती.

माझा चेहरा बघून आई आत आली. मी तोंडाने फक्त ती शेवटची ओळ वाचू शकलो.

"धाकटा मुलगा, कंप्यूटर," आई म्हणाली. "अरे, हे आपलंच घराणं. हा तू."

होय. आठव्या वहीत आम्हीच होतो. एवढ्या घराण्यांतून फाइल नेमकी माझ्यावर येऊन तुटली होती. हे ऐकून लोक मला थापाड्या म्हणतात. मी तरी काय करू.

"पुढचं पाहिजे का तुला?" आईने विचारलं. ती देवघरात गेली, रेशमी कापडाच्या तळातून घडी घातलेला मोठा कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. अक्काचं तमिळ अक्षर. आमच्या नऊ पिढ्या, तळाशी मी, माझ्या नावाखाली कोरी जागा. "तुझ्या त्या चकचकीत थाळ्यांच्या खालीच तर होता काल. दर वर्षी पूजेला ठेवते. तुझं लक्ष असतं कुठे?"

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. अक्काने बारा वर्षं घरोघर विरजण वाटलं होतं.

तिरुवैयारुला जाण्याच्या बसमध्ये मी मनात अनेक वाक्यं तयार केली. पाच नद्यांचे पूल लागतात वाटेत. प्रत्येक पुलावर एक वाक्य गळालं. अक्का पडवीत तांदूळ निवडत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, "बोट घातलंस का रे?"

"अं?"

"विरजणात. दोन वर्षांत एकदा तरी?"

"नाही अक्का."

"मेल्या," ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्या उत्तरपत्रिकेवर शून्य घालावं तशी. मग छत्री शोधायला उठली. "मोपेड आहे ना तुझी?"

पुढचे दोन महिने रविवार म्हणजे मोपेड. मागे अक्का एका अंगाला बसून, एका हाताने माझा खांदा, दुसऱ्या हातात छत्री. आडवे कालवे, लावणी झालेली भाताची शेतं, नारळी, मधेच पाऊस. प्रत्येक घरी तीच सुरुवात.

"हाच का तो अमेरिकेत सामान ठेवणारा?"

"ठेवायचा," अक्का म्हणायची. "आता परत गोळा करतोय."

आणि कागद निघत होते! एकाने मुरुगनच्या तसबिरीमागे ठेवलेला. एकाने काच लावून फ्रेम केलेला. एका घरी तो धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून होता, अर्धा कसरीने खाल्लेला; त्या घरातल्या आजीबाईंनी खाल्लेल्या जागेची माणसं तोंडी सांगितली, भांडणांसकट. एका मामींनी मला कागद हातातच घेऊ दिला नाही. "तू दुरून वाच. मी धरते. तुझी ख्याती आली कानावर." मी जमिनीवर बसून वाचत होतो, अक्का लिहीत होती, आणि मामी कागदाआडून माझ्यावर लक्ष ठेवून होत्या. अपमानाची मला इतकी सवय झाली की एका घरी सगळे नीट वागले तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

अकरा वह्या जवळजवळ परत आल्या. मग उरली ती सहा घरं, जिथे अक्का वेबसाइट झाल्यावर गेली होती. त्यांच्याकडे कागद नव्हते. कारण मी म्हटलं होतं, कागद कशाला. पाच घरी माणसं होती. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, कुरकुर करत का होईना.

सहावं घर कालव्याकाठच्या एका गावात होतं. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहत. नोकरीत असताना कालव्यांचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी लावायचे ते बघायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत. त्या घराण्यातले ते शेवटचे. अक्काला त्यांनी दोन दुपारी बसून आपली वंशावळ सांगितली होती. आम्ही पोचलो तेव्हा घर पांढऱ्या-निळ्या नव्या रंगात होतं आणि दारात अनोळखी बाई रांगोळी काढत होती.

"ते? ते वैकाशी महिन्यात, उन्हाळ्यातच वारले की," ती तमिळमध्ये म्हणाली. "घर आम्ही घेतलं. कागदपत्रं? जुनं काही नव्हतं हो. होतं ते आम्ही जाळलं."

अक्काने मान हलवली. आम्ही परत मोपेडपाशी आलो. मी किक मारली, पण ती बसली नाही. कालव्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

"निघताना ते दारापर्यंत आले होते," ती म्हणाली. "म्हणाले, कागद नाही देणार का? बाकीच्यांना देता असं ऐकलं. मी म्हटलं, आता कागद नाही, आता कंप्यूटरवर. तीन ठिकाणी राहतं." तिने छत्री उघडली, मिटली. "म्हणाले, सेरी, ठीक आहे. मग बरंच."

घाटावर सोडलेल्या वह्या मला तेव्हा पहिल्यांदा जड वाटल्या.

"किती पिढ्या होत्या?" मी कसंबसं विचारलं.

"चार. नावं एकही आठवत नाही रे. गणित आठवतं, नावं जातात. म्हणून तर लिहीत होते."

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "त्यांची जागा ठेवायची. सगळ्यात शेवटी. मी सांगते ते लिहायचं."

साइट पुन्हा उभी राहिली, दुसऱ्या सर्व्हरवर. प्रतींचं मी या वेळी नीट बसवलं : एक तिथे, पण वेगळ्या यंत्रात, एक इथे, आणि एक तिरुवैयारुला, अक्काच्या लोखंडी कपाटात. कागदही सुरू झाले, हे वेगळं सांगायला नको. आयुधपूजेला आई सीडी मागते, मी तिला वरची बाजू दाखवतो, मार्करने तारीख लिहिलेली, आणि ती दर वर्षी विचारते, "नक्की ना?"

पण शनिवारचं काम बदललं. फाइल आली की मी ती जुन्या कंप्यूटरवर पुन्हा पूर्ण उभी करतो आणि थेट शेवटाला जातो. ती एक नोंद दिसली तरच प्रत पुरी आहे असं मानायचं. अक्काने सांगितलेली, मी निमूटपणे टाइप केलेली, त्या कालव्याकाठच्या गृहस्थांच्या घराण्याची. तिथे एकही नाव नाही. एवढंच आहे :

'चार पिढ्या. सांगितल्या होत्या. लिहिल्या होत्या. हरवल्या. चूक होस्टिंगवाल्याची.'